मोजता येईल असं काही

टेबलाच्या त्या बाजूच्या खुर्च्या बुटक्या आहेत, हे भौतिकशास्त्राच्या सरांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. प्रगतिदिनी पालकांसाठी ज्या खुर्च्या मांडल्या जात, त्या ग्रंथालयातल्या लहान मुलींच्या कोपऱ्यातून आणलेल्या असत. त्यामुळे चांगला दांडगा पालकही तेथे बसला की त्याचे गुडघे वर येत आणि शिक्षकांकडे पाहायला त्याला मान उचलावी लागे. सरांनी ही घटना आजवर फक्त समोरच्या बाजूने पाहिली होती, आणि पालक स्वभावतः नम्र असतात असा निष्कर्ष तिच्यावरून केव्हाच काढून ठेवला होता. आज त्यांचे स्वतःचे गुडघे वर आले होते.

त्यांच्या एका बाजूला बायको बसली होती, दुसऱ्या बाजूला मुलगी. समोर, नेहमीच्या उंचीच्या खुर्च्यांवर, त्यांचेच सहकारी: मधोमध मुख्याध्यापिका सिस्टर, त्यांच्या डावीकडे निवृत्तीला आलेल्या गणिताच्या मॅडम, उजवीकडे भाषेचे सर. सिस्टरांच्या डोक्यावर भिंतीवर लाकडी क्रूस होता आणि त्याच्याखाली घड्याळ. बैठकीच्या आरंभी सिस्टर क्षणभर डोळे मिटून प्रार्थना करत. त्या वेळात सर घड्याळाकडे बघत, आणि ते कुठे बघतात हे सगळ्यांना माहीत होते.

आपण कशावरही विश्वास ठेवत नाही, हे त्यांनी नोकरीच्या मुलाखतीतच सांगून टाकले होते. सिस्टर तेव्हा एवढेच म्हणाल्या होत्या की देवाची त्याला हरकत नसावी. प्रयोगशाळेला तेवढे रोज न विसरता कुलूप लावत जावे. मुली त्यांना आपसात ‘वर्नियर’ म्हणत. पट्टीला जे मोजता येत नाही ते मोजणाऱ्या उपकरणाचे नाव आपल्याला मिळाले, याचे त्यांना मनातून समाधानच होते.

आजचा प्रश्न साधा होता. पुढच्या वर्षीच्या विज्ञान तुकडीत प्रयोगशाळेत जितकी टेबले तितक्याच मुली घेतल्या जात, आणि त्या सराव परीक्षेच्या गुणांवरून निवडल्या जात. आजपर्यंत ही परीक्षा शाळेतलेच शिक्षक तपासत. यंदा धर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाने सर्व शाळांना उत्तरपत्रिकांची अदलाबदल करायला लावली. पत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासणारे परक्या शाळेचे. सरांनी या पद्धतीचे शिक्षकखोलीत जोरदार स्वागत केले होते. निकाल आला, आणि दोन वर्षे पहिल्या पाचांत असलेली त्यांची मुलगी निवडयादीच्या बाहेर बरीच खाली गेली. तिच्या लगतच्या क्रमांकाची मुलगी, जी कधी कोणाच्या लक्षात आली नव्हती, ती विज्ञानाच्या गुणांवर यादीत वर चढली.

लगतच्या क्रमांकाची ही मुलगी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईंची होती. सर तिचे वर्गशिक्षक असल्यामुळे मायलेकी दुपारीच त्यांना भेटून गेल्या होत्या. ताईंनी त्या दिवशी शिवणाचे यंत्र बंद ठेवून चांगली साडी नेसली होती. सरांनी त्यांना अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले की आनंद करण्याची घाई करू नये. गुणांची नोंद करताना दोन लगतच्या क्रमांकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे, किंबहुना तीच सर्वांत जास्त आहे. शक्यता म्हणजे काय हेही त्यांनी कागदावर मांडून दाखवले. ताईंना त्यातून एवढेच कळले की सर म्हणतात, गुण आपले नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, “बरं सर.” निर्णय लागेपर्यंत थांबा, असे सरांनी त्यांना सांगितले आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन थांबल्या. त्या अजून तिथेच होत्या.

सिस्टरांनी डोळे उघडले. सरांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढून टेबलावर पसरला. दोन वर्षांतल्या प्रत्येक परीक्षेचे गुण निळ्या ठिपक्यांनी दाखवले होते. ठिपक्यांतून एक बऱ्यापैकी सरळ रेषा जात होती, आणि शेवटचा ठिपका तिच्या फार खाली, जणू कोणी पेन झटकताना पडलेला.

“हा बिंदू या मालिकेतला नाही,” सर म्हणाले.

“वर्नियरराव, बिंदू तुमच्या घरचा आहे म्हणून,” भाषेचे सर म्हणाले. “दुसऱ्याचा असता तर तुम्ही म्हणाला असता, मुलगी घसरली. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.”

सर हसले नाहीत. विनोद हे खंडन नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यांनी मुद्दे क्रमाने मांडले: इतक्या स्थिर मालिकेत एकाएकी एवढी घट संभवत नाही, शेजारच्या क्रमांकाची वाढ जवळजवळ तेवढीच आहे, नोंद हाताने झाली आहे. शेवटचा मुद्दा मांडताना त्यांचा आवाज किंचित मृदू झाला. ती दुसरी मुलगी, ते म्हणाले, समजूतदार आहे. शंका बोलून दाखवल्यावर तिने स्वतःही हरकत घेतली नाही. ज्याचे गुण खरोखर स्वतःचे असतात, तो असा गप्प बसत नाही.

त्यांची मुलगी आतापर्यंत मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तिने मान वर केली.

सिस्टर म्हणाल्या की नोंदीत चूक नाही. त्यांनी स्वतः ताडून पाहिले आहे. सर म्हणाले की एका व्यक्तीने पाहणे म्हणजे पुरावा नव्हे. यावर सिस्टर उठल्या, कपाटातून गठ्ठा काढून त्यातली एक उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवत म्हणाल्या, “मग दुसऱ्या व्यक्तीने पाहावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

सरांनी पत्रिकेला हात लावला नाही. मुलगी या शाळेत आली त्या दिवसापासून त्यांनी एक नियम पाळला होता: तिची एकही उत्तरपत्रिका पाहायची नाही. तिच्या वर्गावर भौतिकशास्त्र तेच शिकवत, पण तिची पत्रिका तपासायला सिस्टरांकडे जाई. त्या पूर्वी विज्ञान शिकवत. बाकीच्या विषयांच्या पत्रिका घरी सहीला आल्या की सर पहिले पान उलटतही नसत. खाली सही करून देत. शिक्षक आणि बाप यांच्यात भिंत हवी, ती पातळ असून चालत नाही, असे ते नव्या शिक्षकांना सांगत. या नियमाचा त्यांना अभिमान होता, आणि तो शाळेत सर्वांना माहीत असावा अशी व्यवस्थाही त्यांनी केली होती.

“माझं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“मांजरही दूध पिताना डोळे मिटतं,” बायको म्हणाली. ती बँकेत कर्जाचे अर्ज तपासायची आणि तत्त्वांबद्दल तिचे मत फारसे बरे नव्हते. “आज तू या बाजूला बसला आहेस ना? मग पालक म्हणून बघ.”

त्यांनी पत्रिका जवळ ओढली. अक्षराबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ देण्याची सवय त्यांनीच तिला लावली होती. ते वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, खिशातले लाल पेन काढले.

उताराच्या फळीवर ठेवलेल्या ठोकळ्याचा प्रश्न होता. तो त्यांनी स्वतः वर्गात शिकवला होता, लाकडी फळी आणून, खाली पुस्तके रचून. मुलीने आकृती फार सुंदर काढली होती. फळीच्या लाकडाच्या रेषासुद्धा दाखवल्या होत्या आणि ठोकळ्याला छायाही दिली होती. बलांचे बाण मात्र भलतीकडे जात होते. एक बाण ठोकळ्याला फळीतून वर ओढत होता. वस्तुमान आणि वजन तिने एकाच बेरजेत घातले होते आणि येईल ते उत्तर चौकटीत नीट बसवले होते. ही नजरचूक नव्हती. घाईही नव्हती. मूळ कल्पनाच जागेवर नव्हती, आणि तिच्या रिकाम्या जागेभोवती सुबक रेघा मारलेल्या होत्या. पुढच्या प्रश्नातही तेच. त्याच्या पुढच्यातही.

दोन वर्षे ही मुलगी त्यांच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसत होती. इतर मुलींना ते अचानक प्रश्न विचारत, फळ्यापाशी बोलावत. तिला कधी बोलावले नव्हते. पक्षपात दिसू नये म्हणून.

शेवटच्या पानावर त्यांनी सवयीने बेरीज मांडली. परक्या शाळेच्या परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा ती कमी आली. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा तेवढीच आली. परका माणूस उदार होता.

“मग हे?” ते म्हणाले आणि आलेखावरच्या निळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. “हे कुठून आले?”

 बाहेर मैदान झाडण्याचा आवाज येत होता. गणिताच्या मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि तो डोळ्यांवर न ठेवता हातातच धरला.

“गणिताचे थोडे मी वाढवले,” त्या म्हणाल्या. “जास्त नाही हो सर. एखादी पायरी चुकली असेल तर ती पाहिली नाही, असं. फक्त मीच. या दोघांना यात ओढू नका.”

भाषेच्या सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. हा माणूस विनोदाशिवाय तोंड उघडू शकतो हे सरांना प्रथमच दिसले. “तुम्हीपण?” ते म्हणाले. “मला वाटलं, निबंधाचं कोण मोजतं. निबंधाचे गुण म्हणजे तपासणाऱ्याची मर्जी. मी आपली मर्जी थोडी सढळ ठेवली.”

मग दोघांनीही सिस्टरांकडे पाहिले. भौतिकशास्त्राच्या पत्रिका सिस्टर तपासत.

“हो,” सिस्टर म्हणाल्या.

भौतिकशास्त्राचे सर वर्गात चुकांविषयी एक संपूर्ण तास घेत. काही चुका इकडे होतात तशा तिकडेही होतात. अनेक मोजमापे घेतली की त्या एकमेकींना खोडून काढतात, म्हणून त्यांची भीती नसते. भीती असते ती एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीची. ती कितीही बारीक असली तरी दर वेळी त्याच दिशेला पडते, साचत जाते, आणि सगळी मोजमापे एकमेकांशी इतकी छान जुळतात की कोणाला संशयच येत नाही. उदाहरण म्हणून ते आखूड झालेली मोजपट्टी देत. चांगुलपणाचे उदाहरण त्यांना सुचले नव्हते.

“का?” त्यांनी विचारले.

त्यांचा आवाज परीक्षकाचा राहिला नव्हता. मॅडमनी सिस्टरांकडे पाहिले, सिस्टरांनी मान हलवली, आणि मॅडम सांगू लागल्या. दोन वर्षांपूर्वी सरांच्या बायकोचे मोठे ऑपरेशन झाले आणि पुढचे औषधोपचार लांबले, तेव्हाची ही गोष्ट होती. मुलगी तेव्हा शाळेत यायची ती कशीबशी. गणवेश उलटा घालून आली होती एकदा. शिक्षकखोलीत सिस्टरांनी सुचवले होते की आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून या कुटुंबासाठी प्रार्थना करावी. सर तेव्हा कपबशी खाली ठेवून म्हणाले होते...

“मला आठवतं,” सर म्हणाले.

“काय म्हणाला होतात?” मुलीने विचारले. बैठकीतला तिचा हा पहिला शब्द होता.

ते वाक्य त्यांना शब्दशः आठवत होते, कारण तेव्हा त्यांना ते आवडले होते. त्यांनी ते आता सावकाश, सगळ्यांसमोर, पुन्हा म्हटले. “प्रार्थनेने पेशी बऱ्या होत नाहीत. आमच्यासाठी काही करायचंच असेल, तर मोजता येईल असं काही करा.”

“दवाखान्यात मलाही सांगितला होतास हा विनोद,” बायको म्हणाली. “टाके ताजे होते. हसताना जीव गेला होता माझा.”

“मोजता येईल असं आमच्या हातात दुसरं काय असतं हो सर?” मॅडम म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. “पुढे बाई बऱ्या झाल्या. पण एकदा वर चढवलेले गुण खाली कसे आणायचे? पोर घाबरली असती. आज कमी करू, पुढच्या वेळी करू, असं करत राहिलो. आणि तुम्ही इतके खूश दिसायचात.”

“प्रार्थनाही केली,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं नाही, इतकंच.”

सरांच्या कानांपर्यंत रक्त चढले. लाजेने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या कशा रुंदावतात, हे त्यांना माहीत होते. माहीत असल्याचा काही उपयोग झाला नाही. याच खोलीत, याच टेबलाच्या त्या उंच बाजूला बसून त्यांनी किती पालकांना सांगितले होते की शिकवणी लावू नका, लाड करू नका, आमची मुलगी बघा, तिच्याकडे मी लक्षसुद्धा देत नाही. ते पालक मान उचलून ऐकत आणि घरी जाऊन आपापल्या मुलींना बोलत. त्या मुली वर्गात कोणत्या नजरेने त्यांच्या मुलीकडे बघत असतील, हा विचार त्यांना आज प्रथम शिवला.

“तिचे खरे गुण किती होते?” त्यांनी विचारले.

कोणालाच सांगता येईना. वाढवलेले किती आणि मिळवलेले किती, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता; चांगले काम करताना कोण हिशेब ठेवतो? पत्रिका परत देऊन टाकलेल्या. मॅडम म्हणाल्या की काही वेळा तिने खरेच चांगले सोडवले होते, आणि मग अडखळल्या, कारण नेमके कोणत्या वेळी ते त्यांनाही आठवेना. ज्यांचे मोजमाप करता आले असते अशी दोन वर्षे गेली होती आणि ती आता कोणत्याही उपकरणाने परत मिळणार नव्हती.

“मला माहीत होतं,” मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“पत्रिका हातात आली की दिसायचंच ना. चुकलेल्यावर बरोबरची खूण. शेजारणीचंही तसंच चुकलेलं असायचं आणि तिला फुली असायची.” ती वडिलांशी बोलत होती, पण बघत होती आलेखाकडे. शाळेत त्यांना ‘तुम्ही’ म्हणावे लागे म्हणून तिला घरीही तीच सवय लागली होती. “मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे, बाबा. तुम्ही कधी पान उलटायचा नाहीत. मला वाटलं, म्हणूनच उलटत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि तुमच्या वाटचं काम न बघण्याचं आहे.”

सरांनी लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवले.

बायकोने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. “चिऊ, मला का नाही बोललीस?”

“तू बरी होत होतीस.”

गणिताच्या मॅडमनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, घाईघाईने, सिस्टरांना म्हणाल्या की प्रयोगशाळेत एक टेबल वाढवता नाही का येणार? खिडकीपाशी जागा आहे. भाषेच्या सरांनी होकार भरला. ते म्हणाले, टेबल आपण शिक्षक मिळून...

“परत?” मुलगी म्हणाली.

एवढा एकच शब्द. मॅडमचा पदर हातातच राहिला.

विज्ञान तुला नको आहे का, असे सिस्टरांनी विचारले, आणि ती विचार करून म्हणाली, “आवडतं. जमत नाही. दोन्ही खरं आहे.” सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा देता येते का, असे तिने विचारले. देता येते, सिस्टर म्हणाल्या. पण जागा तेव्हा उरलेली असेलच असे नाही. मुलगी म्हणाली, चालेल, फक्त तपासायला बाहेर पाठवा. मग ती वडिलांकडे वळली.

“तुम्ही मघाशी म्हणालात, तिने हरकत घेतली नाही. तिला काय सांगितलंय तुम्ही?”

ही गोष्ट समोरच्या तिघांनाही माहीत नव्हती. सरांनी मुलीला ओझरते काही विचारले असेल, एवढेच त्यांना वाटले होते. गुण बहुधा तुमचे नाहीत असे ते दुपारीच मायलेकींना सांगून आले आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. सरांना ते आता सांगावे लागले. शक्यतेचा कागद, ताईंची चांगली साडी, व्हरांड्यातला बाक. सांगताना त्यांनी एकही तपशील गाळला नाही, कारण तपशील गाळण्याची त्यांना सवय नव्हती आणि आज ती लावून घेणे बरे दिसले नसते. भाषेच्या सरांना येथे एखादी म्हण सहज सुचली असती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.  सिस्टर उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरले.

व्हरांड्यात ताई एकट्याच बसल्या होत्या. सर दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या. सरांनी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. सर म्हणाले की तपासणी झाली. चूक नव्हती. निदान शाळेची नव्हती. दुपारी त्यांनी जे सांगितले ते चुकीचे होते, आणि ते सांगण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

ताईंना हे वाक्य पोचायला वेळ लागला. “म्हणजे गुण तिचेच?”

“तिचेच.”

“नक्की ना सर? कारण मी तिला विचारलं हो, दोनदा विचारलं. म्हटलं, तू पेपरात लिहिलंस ते तुला तरी ठाऊक असेल ना? तर म्हणते, मला वाटत होतं बरोबर लिहिलंय, पण सर म्हणतात तर नसेल. सर मोजल्याशिवाय बोलत नाहीत.” त्यांनी मैदानाकडे बोट केले. “तिकडे जाऊन बसली आहे. तुम्हीच सांगा तिला. माझ्यापेक्षा तुमच्यावर विश्वास आहे तिचा.”

मुलगी पायऱ्यांवर बसली होती. शेजारी दप्तर, दप्तरावर घडी घातलेला स्वेटर. सरांना पाहून ती आईसारखीच उभी राहिली. त्यांच्या मागून त्यांची मुलगी व्हरांड्याच्या खांबापर्यंत आली होती, आणि तिथे थांबली.

“गुण तुझेच आहेत,” सर म्हणाले. “विज्ञान तुकडीतली जागाही तुझीच आहे.”

“बरं सर,” मुलगी म्हणाली.

दुपारचाच स्वर. तीच मान, तेवढीच खाली. त्यांनी तिचे गुण काढून घेतले तेव्हा तिने जसे मानले होते, तसेच ते परत दिल्यावरही मानले. दोन्ही वेळा पुरावा म्हणून तिच्याजवळ फक्त त्यांचा शब्द होता. आयुष्यभर ज्या गोष्टीला त्यांनी नावे ठेवली ती त्यांच्यासमोर गणवेशात उभी होती, आणि ती त्यांच्याच तासाला बसून तयार झाली होती.

“असं लगेच बरं म्हणू नकोस,” ते म्हणाले. “दुपारीही म्हणायला नको होतंस. विचार मला. कशावरून म्हणता, असं विचार.”

मुलीने आईकडे पाहिले, मग पुन्हा सरांकडे. हा परीक्षेतला प्रश्न आहे की काय, असे तिला वाटले असावे. तिने आज्ञाधारकपणे विचारले, “कशावरून सर?”

सरांनी उत्तर द्यायला श्वास घेतला आणि ते थांबले. उत्तर त्यांना ठाऊक होते. ते सांगायचे तर दुसऱ्या कोणाची तरी उत्तरपत्रिका काढून दाखवावी लागणार होती, आणि तेवढी परवानगी त्यांनी घेतली नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिले. आपल्या मुलीकडे असे, काही विचारण्यासाठी, त्यांनी वर्गात कधी पाहिले नव्हते.

ती खांबापासून निघाली, दोन पायऱ्या उतरली आणि वडिलांच्या शेजारी न थांबता पुढे जाऊन त्या मुलीसमोर उभी राहिली.

“कारण जे कमी आहेत,” ती म्हणाली, “ते माझे आहेत.”